परिचित सुरावट, अपरिचित नाव : व्यंगचित्रपटांतील वाद्यसंगीताची ओळख

एखादी सुरावट पूर्वी ऐकली आहे असे जाणवणे आणि ती कोणती व कोणाची हे सांगता येणे, या दोन भिन्न बौद्धिक क्रिया होत. पहिलीस प्रत्यभिज्ञा व दुसरीस निर्धारण म्हणता येईल. विसाव्या शतकाच्या मध्यकाळात अमेरिकेत निर्माण झालेल्या व्यंगचित्रपटांचे पार्श्वसंगीत हे या दोन क्रियांमधील अंतराचे बोलके उदाहरण आहे. त्यांतील सुरावटी असंख्य प्रेक्षकांच्या कानांत पक्क्या बसलेल्या असतात. मात्र नाव विचारताच ‘ती यंत्रांची’ किंवा ‘ती पहाटेची’ असे उत्तर मिळते. हे उत्तर केवळ अज्ञानाचे द्योतक मानणे योग्य नव्हे. श्रोत्याला नाव सांगता आले नाही, तरी अर्थ त्याने अचूक सांगितलेला असतो. शब्दरहित संगीताला हा अर्थ कोठून प्राप्त होतो, हे पाहिल्यावाचून निर्धारणाचा मार्ग सापडत नाही.

वॉर्नर ब्रदर्स या संस्थेच्या व्यंगचित्रपटांना १९३६ ते १९५८ या काळात कार्ल स्टॉलिंग याने संगीत दिले. तत्पूर्वी तो कॅन्सस सिटी येथे मूकपटांना वाद्याची साथ करीत असे. प्रसंग पाहून त्यास साजेशी परिचित रचना तत्काळ वाजविण्याची मूकपटांतील पद्धती त्याने बोलपटांत आणली. त्याच्या हाताशी दोन भांडारे होती. एक, स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर गेलेले एकोणिसाव्या शतकातील युरोपीय संगीत. दुसरे, वॉर्नर ब्रदर्सच्या मालकीच्या संगीतप्रकाशन संस्थांकडील लोकप्रिय गीते.

या संगीताचा अर्थ तीन मार्गांनी सिद्ध होतो. पहिला मार्ग अनुक्त शब्दांचा. लाल पोशाखातील स्त्री पडद्यावर आली की स्टॉलिंग ‘द लेडी इन रेड’ या गीताची चाल योजी. खाण्यापिण्याच्या प्रसंगी ‘अ कप ऑफ कॉफी, अ सँडविच अँड यू’ या गीताची. वाजतात ती केवळ वाद्ये. परंतु विनोद असतो तो न उच्चारलेल्या शीर्षकात. हा वस्तुतः शाब्दिक श्लेषच होय. ज्यास ते गीत ठाऊक नाही, त्या मराठी प्रेक्षकाला चाल गोड लागेल, पण श्लेष उमगणार नाही.

दुसरा मार्ग पूर्वप्रस्थापित रूढीचा. शोपँच्या दुसऱ्या पियानो सोनाटातील अंत्ययात्रेची गत मृत्यूची सूचक म्हणून व्यंगचित्रपटांपूर्वीच रूढ झालेली होती. रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ (१८२९) या संगीतिकेच्या प्रारंभिकेत वादळाचे चित्रण करणारा एक भाग आहे; ‘द बँड कॉन्सर्ट’ (१९३५) या डिस्नेच्या चित्रपटात मिकी माऊसचे वाद्यवृंद तो भाग वाजवीत असतानाच खरोखरीचे चक्रीवादळ येते. त्याच प्रारंभिकेतील गुराख्यांच्या सुरावटीवर बेतलेला शांत भाग पुढे व्यंगचित्रपटांत पहाटेची खूण बनला.

तिसरा मार्ग प्रयोगाचा, आणि भाषाभ्यासकाच्या दृष्टीने तोच सर्वाधिक महत्त्वाचा. रेमंड स्कॉट याने १९३७ मध्ये ‘पॉवरहाउस’ ही रचना केली. ती कोणत्याही व्यंगचित्रपटासाठी नव्हती. स्कॉटच्या रचनांचे प्रकाशनहक्क १९४३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सकडे आले, आणि स्टॉलिंगने या रचनेतील संथ, ठाशीव ठेक्यात एकच आकृती पुनःपुन्हा घोळविणारा भाग कारखान्यांच्या दृश्यांना जोडला. ‘बेबी बॉटलनेक’ (१९४६) मधील सरकत्या पट्ट्याचे दृश्य हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ‘पॉवरहाउस’ म्हणजे वीजनिर्मितिगृह. तेव्हा ही निवड सर्वथा यादृच्छिक होती असे म्हणता येत नाही. तथापि, ज्यांनी हे शीर्षक कधी ऐकलेही नाही, त्यांनाही सुरावटीचा अर्थ कळतो. शब्दाची व्युत्पत्ती ठाऊक नसताना तो बिनचूक वापरणाऱ्या भाषिकासारखीच या श्रोत्याची स्थिती असते. पहिल्या मार्गाने आलेला अर्थ एका भाषेपुरता मर्यादित राहतो. तिसऱ्या मार्गाने आलेला अर्थ मराठी प्रेक्षकालाही तितकाच खुला असतो.

निर्धारणाची रीत यातूनच निष्पन्न होते. प्रथम सुरावट तिच्या वेषापासून वेगळी करावी. कारण वाद्ये, गती व लांबी प्रसंगानुसार बदललेली असतात आणि कित्येकदा मूळ रचनेचा काही सेकंदांचाच तुकडा घेतलेला असतो. नंतर ती ज्या ज्या दृश्यांबरोबर येते, त्यांतील समान घटक शोधावा. तो घटक एखादी वस्तू वा वेष असेल, तर गीतांची शीर्षके तपासावीत. निसर्ग किंवा विधी असेल, तर एकोणिसाव्या शतकातील रचना पाहाव्यात. केवळ साम्य हा मात्र पुरावा नव्हे, कारण जोडकामाचे बरेच संगीत स्टॉलिंगने स्वतः रचलेले आहे. निर्णायक प्रमाण म्हणजे निर्मितीसंस्थेने चित्रपटागणिक तयार केलेली संगीतसूची. तीत रचनेचे नाव, रचनाकार, प्रकाशक व वादनाचा अवधी यांची नोंद असते.

सुरावट खूण म्हणून जितकी रूढ होते, तितका तिचा कर्ता विस्मृतीत जातो. ‘यंत्रांचे संगीत’ ओळखणाऱ्यांपैकी फार थोड्यांना स्कॉटचे नाव ठाऊक असते. निर्धारणाचे प्रयोजन केवळ कुतूहलशमन नव्हे. रूढीने झाकलेले कर्तृत्व ज्याचे त्याला परत करणे, हेही त्याचे कार्य होय.