मतदारांनी निवडलेला न्यायाधीश

भारतात जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने करतात. न्यायाधीशाने मतांसाठी दारोदार हिंडावे, ही कल्पनाच आपल्याकडे विपरीत वाटेल. अमेरिकेच्या अनेक घटकराज्यांत मात्र ही प्रथा दीर्घकाळ रूढ आहे. मिसिसिपी राज्याने १८३२ साली आपले सर्व न्यायाधीश लोकमताने निवडण्याचा पायंडा पाडला आणि ओहायोने तो १८५१ च्या राज्यघटनेत स्वीकारला. तोवर ओहायोत न्यायाधीशांची निवड विधिमंडळ करीत असे. त्या मर्जीतून न्यायासन मुक्त व्हावे, हा बदलामागील एक हेतू होता. परंतु विधिमंडळाच्या मर्जीतून सुटलेला न्यायाधीश मतदारांच्या मर्जीत गुंतत नाही काय?

या प्रश्नाच्या दृष्टीने फ्लॉरेन्स ॲलन यांचे चरित्र उद्बोधक आहे. १८८४ साली सॉल्ट लेक सिटी येथे जन्मलेल्या ॲलन यांनी बर्लिनमध्ये संगीताचे शिक्षण घेतले. हाताच्या मज्जातंतूला इजा झाल्याने पियानोवादनाची वाट बंद झाली. क्लीव्हलँडच्या ‘प्लेन डीलर’ या दैनिकात संगीतसमीक्षा करून त्या पुढे कायद्याकडे वळल्या आणि १९१३ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्यांनी गावोगाव भाषणे दिली, न्यायालयात बाजू मांडली. १९१९ साली क्लीव्हलँड ज्या कायहोगा परगण्यात आहे, तेथे त्या साहाय्यक सरकारी वकील झाल्या.

ऑगस्ट १९२० मध्ये स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती मंजूर झाली. नोव्हेंबरमध्ये परगण्याच्या ‘कोर्ट ऑफ कॉमन प्लीज’ची, म्हणजे दिवाणी व फौजदारी खटले प्रथम चालविणाऱ्या न्यायालयाची, निवडणूक व्हावयाची होती. पक्षांची प्राथमिक निवडणूक तोवर आटोपली होती. म्हणून मतदारांच्या सह्यांचा अर्ज सादर करून उमेदवारी मिळविणे एवढाच मार्ग उरला. चळवळीतील स्त्रिया कागद घेऊन बाहेर पडल्या, सह्या जमल्या आणि ॲलन निवडून आल्या.

ज्यांनी निवडून दिले त्यांचे ऋण आता कसे फेडावयाचे? सहकारी न्यायाधीशांनी घटस्फोटाच्या खटल्यांचा स्वतंत्र विभाग काढून तो त्यांच्याकडे सोपविण्याचे सुचविले. बाई म्हणून घरगुती भांडणेच पाहावीत, हा त्याचा अर्थ. स्वतः अविवाहित असलेल्या ॲलन यांनी ते नाकारले आणि इतरांप्रमाणे सर्व प्रकारचे खटले चालविले. १९२१ साली खुनाच्या खटल्यात एका आरोपीला त्यांनी देहान्त शिक्षा फर्मावली. त्याच वर्षी क्लीव्हलँडच्या नगर न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश विल्यम मॅकगॅनन यांच्यावरील खोट्या साक्षीचा खटला त्यांच्यापुढे चालला. आरोप सिद्ध होताच त्या वजनदार गृहस्थाला तुरुंगवास भोगण्याची शिक्षा झाली. मतदारांनी दिलेला विश्वास त्यांनी असा परत केला: कोणाची भीड न धरता.

१९२२ साली त्या ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आल्या. कोणत्याही घटकराज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील त्या पहिल्या स्त्री न्यायाधीश होत. १९२८ साली मतदारांनी त्यांना पुन्हा निवडले आणि १९३४ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना संघराज्याच्या अपील न्यायालयावर नेमले. तेथे मुदतीचे बंधन नव्हते.

ओहायोतील कॉमन प्लीजचा न्यायाधीश आजही सहा वर्षांसाठी निवडला जातो. त्याला किमान सहा वर्षांचा वकिलीचा अनुभव लागतो आणि सत्तरी गाठलेल्या व्यक्तीला नवी मुदत सुरू करता येत नाही. अंतिम मतपत्रिकेवर त्याच्या नावापुढे पक्षाचा उल्लेख नसतो. प्रचारास पैसा मात्र लागतोच, आणि तो देणारा उद्या पक्षकार म्हणून समोर उभा राहू शकतो. फ्लोरिडात परगणा न्यायालयाच्या एका उमेदवाराने स्वतःच्या सहीच्या पत्राने निधी मागितला, तेव्हा तेथील नियमाने तो दोष ठरला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली तो नियम ५ विरुद्ध ४ मतांनी उचलून धरला.

चार न्यायमूर्तींचा विरोध पाहता हा वाद मिटलेला नाही, हे उघड आहे. नियमांनी याचनेला मर्यादा घालता येते; परंतु मत देणाऱ्याच्या विरुद्ध निकाल देण्याचे बळ न्यायाधीशाला स्वतःच्या ठिकाणीच असावे लागते. मतदाराने मत देताना ते बळ पारखावे, हीच या पद्धतीची खरी कसोटी होय.