आधी पायवाट, मग तंबू

'ग्लॅम्पिंग' हा शब्द अलीकडं फार कानावर पडतो. ग्लॅमर आणि कॅम्पिंग यांना जोडून तो तयार झाला. राहायचं तंबूत, पण आत पलंग, गादी, पंखा आणि शेजारी न्हाणीघर. समुद्राकाठी जमीन असलेली मंडळी माझ्याकडं येतात ती हाच शब्द घेऊन. "सिमेंट नको, नुसते तंबू. पर्यावरणपूरक करायचं आहे," असं सांगतात. तंबू म्हटला की निसर्गाला धक्का लागत नाही, अशी त्यांची समजूत असते. ती माझीही होती.

काही वर्षांपूर्वी कोकणात खाडीकाठच्या एका उतारावर मी बारा तंबूंचा आराखडा केला. हलके सांगाडे, लाकडी चौथरे, झाडं जवळजवळ सगळी राखलेली. मात्र सामान वर न्यायला वाट हवी म्हणून जेसीबीनं उतार कापायला मी होकार दिला. पहिल्याच पावसात त्या कच्च्या रस्त्यावरून तांबडी माती थेट खाडीत उतरली. तिथं तिसऱ्या काढणारी एक आजी मला एवढंच म्हणाली, "तुमची माती आमच्या खाडीत इली." तंबूंबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

मग अशी वस्ती कुणी नीट उभी केली आहे का, ते मी शोधू लागलो. शोधता शोधता पोचलो कॅरिबियन समुद्रातल्या सेंट जॉन या बेटापाशी. मी तिथं गेलेलो नाही, वाचलेलं सांगतो आहे. बेट लहान, साधारण ५० चौरस किलोमीटरचं, आणि उभ्या उतारांचं. डॅनिश लोकांच्या काळात उसाच्या मळ्यांसाठी इथलं जंगल तोडलं गेलं. १९१७ मध्ये अमेरिकेनं हे बेट शेजारच्या बेटांसह अडीच कोटी डॉलरना विकत घेतलं. पुढं लॉरन्स रॉकफेलर यांनी पाच हजारांहून अधिक एकर जमीन देऊ केली आणि १९५६ मध्ये तिथं व्हर्जिन आयलंड्स राष्ट्रीय उद्यान झालं. १९६२ मध्ये किनाऱ्यालगतचा समुद्र आणि त्यातली प्रवाळंही उद्यानात आली. मधे मधे काही खासगी जमिनी मात्र तशाच राहिल्या.

अशाच एका १४ एकरांच्या तुकड्यावर, माहो बेच्या काठी, स्टॅन्ली सेलेंगट या न्यूयॉर्कच्या स्थापत्य अभियंत्यानं १९७६ मध्ये भाडेपट्ट्यानं जागा घेऊन तंबू-घरं उभारायला सुरुवात केली. त्याची युक्ती सोपी होती. त्यानं आधी पायवाट बांधली. जमिनीपासून उचललेली, खांबांवरची लाकडी पायवाट. खांबांचे खड्डे हातानं खणले, आणि पुढचं सगळं सामान त्या पायवाटेवरूनच नेलं. पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा याच फळ्यांखालून गेल्या, त्यामुळं चर खणावे लागले नाहीत. माणसं पायवाटेवरूनच फिरत, म्हणून झाडोरा तुडवला गेला नाही. चौथरे सोळा फूट बाय सोळा फुटांचे, भोवती लाकडी सांगाडा, त्यावर कापड आणि जाळी. पुढं अशी ११४ घरं झाली.

एवढा आटापिटा मातीसाठी का, हे समजायला प्रवाळाचं जगणं पाहावं लागतं. प्रवाळ हा प्राणी. पण त्याच्या शरीरात सूक्ष्म शेवाळं राहतात आणि उन्हावर अन्न तयार करून त्याला पुरवतात. पाणी गढूळ झालं की ऊन पोचत नाही. वर गाळ बसला की तो झटकायला प्रवाळ चिकट स्राव सोडतो, त्यात त्याची शक्ती खर्ची पडते. नवी पिल्लंही गाळानं माखलेल्या खडकावर धरत नाहीत. सेंट जॉनवर १९९० च्या दशकात जे अभ्यास झाले, त्यांत समुद्रात जाणाऱ्या गाळाचं मोठं कारण निघालं ते कच्चे रस्ते. आपल्या कोकणात तिथल्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो, आणि मालवणच्या सागरी अभयारण्यात प्रवाळं आहेत, हे आपण सहसा विसरतो. किनाऱ्याचे आपले नियम भरतीरेषेपासूनची अंतरं मोजतात. माती येते ती बऱ्याचदा त्याच्याही वरून.

माहो बेला चैन नव्हती, हेही सांगायला हवं. न्हाणीघरं सामाईक, साखळी ओढली की पाणी. बेटावर बारमाही नदी नाही, तेव्हा पाणी जपूनच वापरायचं. पाहुणे जाताना उरलेला शिधा आणि पुस्तकं पुढच्यांसाठी एका फळीवर ठेवून जात. रिकाम्या बाटल्या वितळवून काचेच्या वस्तू करायची भट्टी होती. रोज चार तास काम करून राहणारे स्वयंसेवकही असत. आजच्या ग्लॅम्पिंगवाल्यांना हे गबाळं वाटेल. पण अमेरिकेच्या उद्यान सेवेनं १९९१ मध्ये शाश्वत बांधकामावरची आपली कार्यशाळा इथंच भरवली होती.

या वस्तीची कच्ची बाजू होती ती जमिनीची. पट्टा संपला आणि मे २०१३ मध्ये वस्ती बंद झाली. मालकांनी जमीन विकली, किंमत एक कोटी डॉलरांच्या वर. ज्या परिसराची राखण वस्तीनं सदतीस वर्षं केली, त्यानंच ती जागा महाग केली. याचा दोष कुणाला द्यावा, मला ठरवता आलेलं नाही. त्याच बेटावर, उद्यानाच्या मालकीच्या जागेवरचा सिनॅमन बेचा तळ सप्टेंबर २०१७ च्या इर्मा वादळात उद्ध्वस्त झाला, पण २०२२ मध्ये तंबूंसह पुन्हा सुरू झाला. तिथं भाडेपट्टेवाला बदलला तरी जमीन विकली जात नाही.

आता कुणी तंबूंचा आराखडा मागायला आलं की मी कापडाचा रंग नंतर विचारतो. आधी विचारतो, सामान वर कसं नेणार? डोक्यावरून आणि हातगाडीनं नेण्याचा खर्च ऐकून बहुतेक जण फिरकत नाहीत. आमच्या त्या जुन्या रस्त्यावर आडवे चर काढले, कडेनं वाळा लावला. दोन पावसाळ्यांत पाणी बरंच निवळलं आहे. खाडीत तिसऱ्या पूर्वीइतक्या मिळतात का, ते मात्र आजीलाच विचारायला हवं. यंदा पाऊस उघडला की जाणार आहे.