खाजेचे मलम आणि जांघेतल्या रेघा

पुनावळे परिसरात राहून कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या आमच्या बांधवांना नायटा नवा नाही. जाड पँट, अंगभर घाम, जांघेत खाज. डॉक्टरकडे दाखवायला लाज वाटते. मग औषधाच्या दुकानात जाऊन ‘खाजेचे मलम द्या’ एवढेच म्हणायचे. त्या ट्यूबवर पुष्कळदा बारीक अक्षरांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेले असते. ही स्टेरॉइड होत. खाज लगेच थांबते, नायटा मात्र पसरतच राहतो. महिनोन्‌महिने लावत राहिल्यास कातडीला बळकटी देणारे कोलॅजन घटते, कातडी पातळ पडते आणि लाल-जांभळ्या रेघा उमटतात. पुढे त्या पांढुरक्या होतात, पण पुसल्या जात नाहीत.

गरोदरपणी पोटावर, वयात येताना मांड्यांवर उमटतात, त्याच जातीच्या या रेघा. त्या रेघांत लाजण्यासारखे काही नाही. तेल चोळून त्या टळतात, असेही सिद्ध झालेले नाही. महागड्या बाटलीपेक्षा गरोदर भगिनीला दूध-अंडी आणावीत, असे आम्हांला वाटते. जांघेतल्या रेघा मात्र टाळता येतात.

२०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. म्हणून ट्यूबवरचे नाव वाचा. रेघा लाल असतानाच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात हा विभाग आहे. ताज्या रेघा उपचाराने थोड्या फिक्या होतात. नायट्याचे औषध खाज थांबली तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस लावावे, आणि टॉवेल घरात प्रत्येकाचा वेगळा ठेवावा.