गुंठ्यावरचे बिऱ्हाड

परभणी शहरातून कोणत्याही दिशेने बाहेर पडा. वसमत रस्ता घ्या, जिंतूर, पाथरी किंवा गंगाखेडचा घ्या. पक्की वस्ती संपली की काळ्या रानात सिमेंटचे खुंट दिसू लागतात, चुन्याच्या रेघा दिसतात आणि रस्त्याला लागून कुठल्याशा नगराची कमान उभी असते. कमानीच्या आत एखादे घर असते, कधी तेही नसते. आदल्या हंगामापर्यंत तिथे सोयाबीन नाहीतर कापूस होता. ‘प्लॉट पाडले’ एवढ्या दोन शब्दांत लोक या बदलाची नोंद करतात.

२००१च्या जनगणनेत परभणी शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ५९ हजार होती. २०११मध्ये ती ३ लाख ७ हजारांवर गेली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नगरपालिकेची महापालिका झाली. तेव्हा जिल्ह्यात १८ लाख ३६ हजार माणसे राहत होती आणि दहांतली जवळपास सात खेड्यांत होती. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे त्यानंतरची वाढ कागदावर आलेली नाही. ती रस्त्यांच्या कडेला दिसते.

खुंटांमधली जागा घेणारे बहुतेक जण याच जिल्ह्यातले असतात. कुणी जिंतूर किंवा पालम तालुक्यातला चार-सहा एकरांचा शेतकरी, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक, कुणी एसटीतला वाहक. कारण विचारले तर पहिले उत्तर एकच मिळते: लेकरांचे शिक्षण. दुसरे उत्तर दवाखाना. परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३मध्ये सुरू झाले, कृषी विद्यापीठ १९७२पासून आहे, शिकवण्या गल्लोगल्ली आहेत. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झाले. शुल्क माफ झाले तरी राहण्याचा आणि खाण्याचा खर्च उरतोच. तो वसतिगृहात भरण्यापेक्षा शहराच्या कडेला एक गुंठा घेऊन दोन खोल्या बांधाव्यात, म्हणजे धाकटाही तिथेच शिकेल, असा हिशोब घरातली बाई मांडते. या हिशोबात काही चूक नाही.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे मिळून एक एकर होतो. शेत म्हणून जी जमीन एकराने विकली जाते तीच गुंठ्याने विकली की किंमत कितीतरी पट होते, आणि शहराच्या कडेचा सगळा व्यवहार या फरकावर उभा आहे. अडचण कायद्याची आहे. १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने ठरवून दिलेल्या किमान, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायला बंदी घातली. हेतू शेती वाचवण्याचा होता. शहराभोवतीच्या गरजेपुढे तो टिकला नाही आणि खरेदीखताऐवजी बाँडपेपर, संमतीपत्र, नोटरी अशा वाटांनी गुंठे विकले जात राहिले. पैसे दिले, घर बांधले, पण सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचेच, अशी कुटुंबे मराठवाड्यातल्या प्रत्येक शहराच्या कडेला सापडतात. २००१मध्ये राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. २०२१मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या बांधकामांना लागू होईल इतकी पुढे नेली. त्याच २०२१च्या जुलैत नोंदणी विभागाने एक परिपत्रक काढून तुकड्यांच्या दस्तनोंदणीला चाप लावला. मे २०२२मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले. २०२५मध्ये शासनाने नागरी भागांपुरती तुकडेबंदी शिथिल करण्याचे पाऊल उचलले. पंचवीस वर्षांत नियम इतक्या वेळा हलला की सामान्य माणसाने एकच धडा घेतला: आज घ्या, उद्या सरकार नियमित करेलच. हा धडा घातक आहे. नियमित झाल्याने नाव लागते. नळ, नाली आणि रस्ता मात्र त्यातून येत नाही.

याच भागाने आधी सोय, मग वस्ती ही दुसरी रीतही पाहिली आहे. निजामाच्या राज्यात मनमाड ते हैदराबाद मीटरगेज रेल्वे १९००च्या सुमारास धावू लागली आणि परभणी, सेलू, पूर्णा या स्टेशनांना बाजाराचे महत्त्व आले. जंक्शन झालेल्या पूर्णेत रेल्वेने कर्मचाऱ्यांसाठी क्वार्टर बांधले. सत्तरच्या दशकात परभणीत कृषी विद्यापीठाचा परिसर उभा राहिला तोही रस्ते, झाडे, निवासस्थाने यांच्या आखणीसह. १९७०मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने पुढे औरंगाबाद आणि नांदेडला नवी वसाहत आखली तेव्हा भूखंड हाती देण्याआधी रस्ता आणि ड्रेनेज यांचा विचार झाला होता. तिथल्या सिडकोत दोन खोल्यांचे घर घेतलेल्या शिक्षक-कारकुनांची पुढची पिढी शिकून मार्गी लागली. आताच्या प्लॉटिंगमध्ये हा क्रम उलटा आहे. आधी माणूस येतो. दोन-तीन वर्षांनी खांब येतो, पाच-सात वर्षांनी मुरूम पडतो, नळाचे पुढचे पुढे. या मधल्या काळाचा खर्च कुटुंब स्वतःच्या खिशातून भरते.

तो खर्च जमिनीखालून सुरू होतो. परभणीची काळी जमीन पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हातभर भेगा पाडते. हा गुण कापसाला मानवतो, भिंतीला मानवत नाही. पाया मुरुमापर्यंत नेला नाही तर दोन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. अशा जमिनीसाठी टोकाला फुगीर असलेल्या खोल खांबांचा पाया रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने फार पूर्वी विकसित केला, पण एक गुंठ्याच्या घराला अभियंता क्वचितच लागतो. मिस्त्री सांगेल तेवढा पाया. दुसरा प्रश्न सांडपाण्याचा. गटार नाही म्हणून प्रत्येक जण सेप्टिक टँक बांधतो, आणि चिकण काळी माती त्यातले पाणी मुरू देत नाही. मग ते मोकळ्या प्लॉटमध्ये साचते. त्याच प्लॉटशेजारी बोअर असतो.

यावर उपाय जवळच सापडला होता. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघड्या नाल्या हद्दपार केल्या आणि तो ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेला. थर नीट लावून, मुरूम गाठून केलेला खड्डा काम करतो. खेड्याला जे साधले ते नव्या नगरांना साधत नाही, कारण तिथे त्यांची स्वतःची अशी ग्रामसभा नाही आणि वॉर्डाची यंत्रणाही पोचलेली नाही. कित्येक वस्त्या महापालिकेच्या हद्दीला लागून पण लहान ग्रामपंचायतीच्या ताब्यात असतात. शेकडो नवी घरे सांभाळण्याइतके उत्पन्न त्या पंचायतीकडे नसते आणि नव्या रहिवाशांचे मतदान अजून मूळ गावीच असते. गाऱ्हाणे कुठे मांडायचे हेच त्यांना ठरवता येत नाही.

पाण्याचे तर बोलायलाच नको. शहराची भिस्त आधी पूर्णा नदीवरच्या राहटी बंधाऱ्यावर होती, नंतर येलदरी धरणातून योजना आली. पण जलवाहिनी शहरात येणे आणि कडेच्या घरात नळ येणे यांत वर्षे जातात. मार्चपासून बोअर आटतात. टँकर आणि पाण्याचे जार हा महिन्याचा ठरलेला खर्च होतो, आणि घर घेताना काढलेल्या हिशोबात तो कुणीच धरलेला नसतो.

ज्यांना परभणीची कड पुरत नाही ते पुण्याच्या कडेला जातात. अहिल्यानगरकडून पुण्यात शिरताना लागणारी वाघोली, पलीकडची मांजरी, सिंहगड रस्त्यावरचे नऱ्हे, आणि चाकण-मोशीचा पट्टा. मराठवाड्याची बोली इथे जिन्याजिन्यात ऐकू येते. पगार परभणीत कधी मिळाला नसता इतका मिळतो, मुलगी निर्धास्तपणे नोकरीला जाते, हे फार मोठे मिळवणे आहे. मात्र सोयींचा उलटा क्रम तिथेही तसाच आहे, फक्त मजले वाढले आहेत. पुणे महापालिकेत २०१७मध्ये ११ आणि ३० जून २०२१ला आणखी २३ गावे आली. वाघोली, मांजरी, नऱ्हे, किरकटवाडी, खडकवासला ही त्या दुसऱ्या यादीतली. क्षेत्रफळाने ही राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली, पण टँकर थांबले नाहीत. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या दोन गावांनी तर आत घेतल्यावर पुन्हा बाहेर पडून स्वतंत्र नगरपरिषद मागितली आणि मिळवली.

जानेवारी २०२५मध्ये या उलट्या क्रमाची किंमत माणसांनी शरीराने मोजली. सिंहगड रस्त्यावरील नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात हातापायातले बळ जाण्याच्या गिलेन-बारे सिंड्रोमची साथ आली. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले, काहींचा मृत्यू झाला. तपासात दूषित पाण्याकडे आणि कॅम्पिलोबॅक्टर या जंतूकडे बोट गेले. महापालिकेत येऊन साडेतीन वर्षे झालेल्या गावांमध्ये शुद्ध पाण्याची पुरेशी व्यवस्था नव्हती, हे साऱ्या राज्याला त्या महिन्यात कळले.

इतके तोटे असूनही लोक येतात, आणि त्यांना ‘गावाकडे चला’ असे सांगणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गाव सगळ्यांसाठी सारखे नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या उदात्तीकरणावर कठोर टीका केली होती, तिला अनुभवाचा आधार होता. ज्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर राहिली, ज्या विधवेच्या येण्याजाण्यावर अख्ख्या गल्लीची नजर असते, ज्या मुलीचे शिक्षण गावातल्या शाळेची शेवटची इयत्ता संपली की थांबते, त्यांच्यासाठी शहराच्या कडेचा गुंठा ही सुटका आहे. तिथेही जात विचारूनच खोली देणारे भेटतात आणि नव्या नगरांचीही समाजानुसार विभागणी होते. तरी सकाळी दार उघडल्यावर ओळख सांगावी लागत नाही, याचे मोल टँकरच्या बिलात मोजता येत नाही.

दुसऱ्या बाजूला शेत आहे. घर परभणीला, शेत चाळीस किलोमीटरवर, मालक दुचाकीवर रोज अप-डाऊन करतो. पहिले वर्ष निभते. मग जनावरे विकली जातात. जनावरे गेली की शेणखत जाते आणि दूध विकत घ्यावे लागते. कृषिपंपाची थ्री-फेज लाइट पाळीपाळीने रात्री येते. शहरात झोपलेला माणूस रात्री दोनला दारे धरून पिकाला पाणी द्यायला जाऊ शकत नाही. रानडुकरे आणि हरणांसाठी जागल करायला कुणी उरत नाही. शेवटी शेत बटईने किंवा ठोक्याने दिले जाते. आई-वडील बहुधा गावातच मागे राहतात. पोळा आणि जिल्ह्याच्या दक्षिणेकडची येळवस (वेळ अमावास्या) या दोन दिवशी सगळे शेतावर जमतात, संध्याकाळी गाड्या परत फिरतात.

या दोन टोकांमध्ये एक वाट आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२पासून प्रवास फुकट आहे. सकाळी सातची आणि संध्याकाळी सहाची बस भरवशाने आली तर तीस-चाळीस किलोमीटरवरच्या गावातले कुटुंब मुलीच्या कॉलेजसाठी घर हलवणार नाही. सवलत देऊन झाली. बसच्या फेऱ्या आणि चांगल्या गाड्या हव्यात. कडेच्या वस्तीला नळ पोचवण्यापेक्षा गावाला बस पोचवणे स्वस्त पडावे.

तरीही ज्याला निघायचेच आहे त्याने पुण्याच्या दूरच्या उपनगरात आयुष्यभराचे कर्ज काढण्याआधी परभणी, सेलू किंवा गंगाखेडच्या जवळच्या कडेचा विचार करावा. पुण्यात नोकरी पक्की असेल तर प्रश्न वेगळा. नुसत्या मुलांच्या शिक्षणासाठी मात्र जवळची कड बरी: शेत तासाभरावर राहते, आई-वडील जवळ राहतात, आणि घसरलेच तर परतीची वाट उरते.

रेखांकने मंजूर करणाऱ्या यंत्रणांकडे पहिली मागणी ही आहे: नाली, रस्ता आणि पाण्याची सोय जागेवर दिसल्याशिवाय कोणत्याही रेखांकनाला अंतिम मंजुरी देऊ नये. एक एकरापेक्षा मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी सोडण्याचा नियम आहे, ती जागा पुढे कुणी गिळणार नाही हेही पाहावे. आणि घेणाऱ्याने इसार देण्यापूर्वी चार गोष्टी मागाव्यात: जमीन अकृषिक असल्याचा पुरावा, नगररचना विभागाने मंजूर केलेला नकाशा, पाचशे चौरस मीटरहून मोठा प्रकल्प असेल तर महारेराचा क्रमांक, आणि मे महिन्यात तिथल्या बोअरला पाणी असते का याचे शेजारच्या शेतकऱ्याकडून उत्तर. यांतले एक जरी मिळाले नाही तरी कमान कितीही देखणी असो, इसार देऊ नये.