पाण्याखालचा श्वास

रामटेकजवळच्या खिंडसी तलावात बुडी मारणारा मुलगा आधी छाती भरून हवा घेतो आणि ती कोंडून धरतो. मालवणजवळ तारकर्लीच्या समुद्रात पाणबुड्याची विद्या शिकणाऱ्यास मात्र प्रथमच बजावले जाते, की श्वास कधीही कोंडू नये! तलावात तरबेज झालेल्यास ही जुनी सवय मुद्दाम मोडावी लागते.

असे उलटे का? पाणबुड्याच्या पाठीवर दाबून भरलेल्या हवेची टाकी असते. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो व एमिल गान्यां यांनी तिच्यासाठी एक युक्तीची झडप तयार केली. भोवतालच्या पाण्याचा दाब जितका, तितक्याच दाबाची हवा ती तोंडात सोडते. म्हणून खोलवरही छाती सहज फुलते. दहा मीटर खाली एकंदर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट असतो. तेथे छातीत भरलेली हवा कोंडून कोणी वर आला, तर दाब निम्मा होऊन तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसे फाटण्याचा धोका असतो.

खाली जाताना कानही दुखू लागतात. तेव्हा नाक चिमटीत धरून हळूच फुंकावे. तेथे बोलणे नाही. सारा व्यवहार हातांच्या खुणांनी चालतो. अंगठा वर करणे म्हणजे शाबासकी नव्हे, तर ‘वर चला’! मग दोघेही सावकाश वर येऊ लागतात. शिकणाऱ्याच्या तोंडाजवळून बुडबुड्यांची माळ निघत राहिली, की शिक्षक निर्धास्त होतो.