जाहिरातीतली सायकल आणि बांधावरचे पाय

सायकलीची रंगीत जाहिरात तुम्ही पाहिली असेल. हिरवेगार भात, मधून वळणारा रस्ता आणि वाऱ्यासारखे जाणारे दोन सायकलपटू. पाहणाऱ्याला वाटते, कोणी जाता जाता सहज फोटो काढला असेल. तसे नसते. गेल्या पावसाळ्यात पनवेल तालुक्यात लावणीच्या पाहणीसाठी फिरताना असा एक फोटो तयार होताना मी पाहिला. त्यात तुमच्या कामाचे पुष्कळ आहे.

पनवेलहून खोपोलीकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता सायकलपटूंच्या ओळखीचा. मुंबई-पुणे सायकल शर्यत बोरघाट चढून जाते आणि घाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा मान मिळतो. द्रुतगती मार्गावर सायकलीला मनाई असल्याने सराव करणारे जुन्या रस्त्यावरच दिसतात. त्याच रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गावरस्त्यावर ही मंडळी उजाडण्याआधीच आली होती. कोवळे ऊन तिरपे पडते, म्हणून फोटोला तीच वेळ चांगली.

फोटोवाला गाडीच्या मागच्या उघड्या भागात बसलेला, सायकलपटू गाडीच्या मागे. एकच वळण त्यांनी वीसपेक्षा जास्त वेळा घेतले. घाम दिसावा म्हणून तोंडावर बाटलीने पाणी फवारले. उभ्या सायकलीचा फोटो घेताना साखळीची बाजू समोर, हवा भरायचे तोंड बरोबर खाली, पॅडल ठरावीक जागी. एक पोरगा फक्त टायरचा चिखल पुसत होता. ती सायकल सात-आठ किलोची. दूधवाल्याच्या सायकलीच्या निम्मीही नाही. दोघे पावसात कुडकुडत उभे राहत आणि हाक आली की पुन्हा हसत निघत. ही त्यांची रोजीरोटीच आहे. सायकल आणि जाहिरात यांचे नाते जुने. फ्रान्सची प्रसिद्ध सायकल शर्यत 1903 साली एका वर्तमानपत्राने आपला खप वाढावा म्हणूनच सुरू केली.

आता खरी गोष्ट. चित्र चांगले यावे म्हणून फोटोवाला तिकाटणे घेऊन एका खाचराच्या बांधावर चढला. मागोमाग चार माणसे. ओला बांध खचला, साठवलेले पाणी वाहून गेले आणि दोन दिवसांपूर्वी लावलेले रोप पायाखाली आले. पावसाने ओढ दिली होती, त्यामुळे पाण्याचेच मोल जास्त. घरधनीण धावत आली. व्यवस्थापकाने नोट पुढे केली. तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, “साहेब, फोटोत हिरवं दिसतंय ते आमचंच ना? मग आधी बांध घाला.”

चौकशी केली, तर परवानगी रस्त्याची काढलेली. शेताची कोणी विचारलीच नव्हती. अखेर त्यांच्याच माणसांनी चिखल ओढून बांध घातला, तुडवलेल्या रोपाची भरपाई कागदावर लिहून घेतली आणि मगच काम पुढे चालू झाले.

शहर जवळ आले, रस्ते झाले, की अशी मंडळी तुमच्याही शिवारात येतील. त्यांना हाकलू नका. दोन पैसे मिळत असतील तर घ्या. पण दिवस, वेळ, माणसे, गाड्या आणि मोबदला आधी लिहून घ्या. काही रक्कम आगाऊ घ्या. कुठे उभे राहायचे ते तुम्हीच दाखवा. नुकसान झाल्यास कोण भरणार, हेही कागदावर असू द्या. घरातल्या कोणाचा चेहरा छापणार असतील, तर त्याला आधी विचारायला सांगा.

आणखी एक. सायकलीच्या एका चित्रामागे एवढी तयारी असते, तर बियाण्याच्या जाहिरातीतले भरगच्च लोंबीचे भातही निवडूनच टिपलेले असणार. चित्रावर जाऊ नका, पिशवीची चिठ्ठी वाचा. लॉट नंबर पाहा, तपासणीची तारीख पाहा. भाताच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 80 टक्के हवी. पावती, चिठ्ठी आणि मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.

चित्र विकणाऱ्याचे असते. बांध आपला असतो.