सुईदोऱ्यातला इतिहास (भाग ५) : पाठीच्या चुण्या

गेल्या भागापर्यंत आपले आतले कपडे शिवून झाले: लिननची शिफ्ट, ताठ पट्ट्यांची स्टेज आणि पेटीकोट. आजची मापं हे सगळं अंगावर चढवूनच घ्या. अठराव्या शतकातला झगा स्टेजनं घडवलेल्या धडावर बसतो. आधी झगा बेतला आणि स्टेज मागून शिवली, तर छाती आणि कंबर दोन्ही चुकतात.

आपण १७७०च्या सुमाराचा इंग्लिश झगा घेतला आहे. त्याचं सगळं सौंदर्य पाठीत आहे आणि त्यामागचं कारण कापडाच्या किमतीत. लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये विणल्या जाणाऱ्या रेशमाचा पन्हा साधारण २० इंच असे. रेशीम फार महाग आणि त्यापुढे शिलाईची मजुरी किरकोळ. म्हणून झगे शिवणारी मँटुआ-मेकर कात्री जपून चालवी आणि चुण्या घालून कापड अंगाबरोबर आणी. फॅशन बदलली की चुण्या उसवायच्या आणि त्याच कापडाचा नवा झगा करायचा. संग्रहालयांतल्या कित्येक झग्यांवर जुन्या टाक्यांची भोकं दिसतात, ती यामुळेच.

आपलं कापड बहुधा ४४ इंच पन्ह्याचं असेल. ते लांबीत मधोमध फाडून २२ इंचांचे दोन पट्टे करा. जोड योग्य जागी येतील आणि झग्याची ठेवण आपोआप त्या काळची होईल.

आता पाठ. आधी लिननचं अस्तर अंगाबरोबर बेता आणि शिवून घ्या. झग्याचा सगळा ताण तेच पेलतं. मग खांद्यापासून पायघोळापर्यंतच्या लांबीचे दोन पट्टे मध्यावर जोडून अस्तरावर ठेवा. जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चुण्या टाचण्यांनी बसवा. मानेशी त्या पसरट असतात आणि कमरेकडे उतरताना निमुळत्या होत एकमेकींजवळ येतात. लांब उभं राहून बघा: दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की कच्चा टाका घाला. मग मेण लावलेल्या दोऱ्यानं चुणीच्या कडेलगत बारीक टाके घालत कमरेपर्यंत या आणि तिथं थांबा. कमरेखाली चुण्या मोकळ्या सुटतात आणि तेच कापड घेर होऊन खाली जातं. मध्यावर कमरेला जोड नसतो. तिथं कापड कापलंत, तर या झग्याची ओळखच गेली. बाजूंना मात्र कमरेशी आडवा छेद देऊन घेराच्या बारीक चुण्या चोळीला जोडायच्या.

घेराचे लांब जोड साध्या धावदोऱ्यानं चालतात. बाह्यांना आणि चोळीच्या बाजूंना उलट टीप हवी. पुढच्या बाजूला चेन, हुक काही नको. त्या काळी झगा टाचण्यांनी स्टेजवर अडकवत.

रेशीम परवडत नसेल तर छापील सुती कापड घ्या. इंग्रजीतला 'चिंट्झ' शब्द आपल्याकडच्या 'छींट'वरून गेला, आणि कोरोमंडल किनाऱ्यावरच्या रंगाऱ्यांनी हातानं रंगवलेल्या या कापडानं युरोपला वेड लावलं होतं. धंदा बुडेल या भीतीनं १७१९मध्ये लंडनच्या विणकरांनी ही चीट घातलेल्या बायकांचे कपडे भर रस्त्यात फाडले. फ्रान्समध्ये या कापडावर १६८६ ते १७५९ अशी बंदी होती. इंग्लंडमधली १७७४मध्ये उठली. म्हणून चिटाचा इंग्लिश झगा करायचा असेल, तर १७७४नंतरचं साल धरणं उत्तम.

पुढच्या आठवड्यात बाह्या आणि मुंढा. तोवर पाठ घाईनं शिवू नका. जुन्या चादरीवर एकदा चुण्या घालून बघा आणि हाताला सवय झाली की मगच खऱ्या कापडाला सुई लावा.